काचेवरचे कुंकू

१४ जून २०१९

ही डायरी पद्मजेने दिली. म्हणाली, "अण्णा, तुमच्या काळज्या आता हिच्यात लिहा. मला ओट्यापाशी येऊन सांगत बसलात की फोडणी करपते." सून मनाची चांगली आहे, बोलणे तेवढे तिखट. मी सहावीतून शाळा सोडून वडिलांच्या पिठाच्या गिरणीत बसलो. दळणाच्या डब्यांवर नावे लिहिण्यापलीकडे फारसे लिहिलेले नाही. चुका होतील.

आज संग्रहालयाची माणसे आईची तसबीर घेऊन गेली. आजारी माणसाला उतरवतात तशी दोघांनी धरून जिन्यावरून खाली नेली. ती यज्ञेश्वर मास्तरांच्या हातची आहे. मास्तर इथेच कसब्यात राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली म्हणून संग्रहालय त्यांनी काढलेल्या माणसांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवते आहे. पद्मजेने पेपरात वाचून फोन केला. तिथल्या अधिकारी सुनीती मॅडम घरी आल्या, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिल्या. चित्र कायमचे द्याल का, असे विचारले. माझ्या मनात आले, एवढ्या मोठ्या इमारतीत आईचे नाव लागणार. गिरणीवाल्याच्या बायकोचे! मी हो म्हटले.

मग त्यांनी विचारले, "आई स्वतः बसल्या होत्या ना मास्तरांसमोर?"

"हो तर," मी म्हणालो.

हे खोटे आहे. आई १९५१ साली गेली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचा एकही फोटो नव्हता. वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, तसबीर तर हवी होती. मास्तर म्हणाले, घरातले कोणी बसवा. तेव्हा अशी रीतच होती. शकूताई, माझी थोरली बहीण, पंधरा-सोळा वर्षांची होती. तिला आईचे लुगडे नेसवले, नथ घातली आणि मास्तरांनी आई काढली. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण मॅडमनी विचारले आणि वाटले, नाही म्हटले तर चित्र ठेवून जातील. पुढे त्यांनी आई कधी गेली ते विचारले. चित्राच्या कोपऱ्यात मास्तरांनी १९५२ घातले आहे, म्हणून मी त्रेपन्न साल सांगितले.

ताईला यातले काहीच विचारले नाही. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, ती खराडीला माझ्या मुलीकडे, प्रेमलाकडे आहे. फोन करता आला असता.

१७ जून

झोप लागत नाही. भिंतीवर तसबिरीचा चौकोन उमटला आहे, आजूबाजूच्या रंगापेक्षा स्वच्छ. वर खिळा तसाच. जाता-येता हात जोडले जातात आणि समोर काही नसते.

ताई रोज आंघोळ करून आली की आधी तसबिरीला ताजा हार घालायची, काचेवर कुंकू लावायची, मग चहा. भाद्रपदात अविधवा नवमीला आईचे श्राद्ध, त्या दिवशी शेवंतीचा मोठा हार. वडील गेल्यावर ही नवमी करायची नसते असे भटजी सांगतात. आमच्याकडे मी बंद होऊ दिली नाही.

मला ताईनेच वाढवले. तिचे लग्न झाले नाही. पुष्कळ लोक बघायला यायचे. बाहेरच्या खोलीत तसबिरीखाली सतरंजी घालायचे, ताई तिथे मान खाली घालून बसायची, मंडळी पोहे खाऊन जायची आणि परत यायची नाहीत. तिचे नशीब, दुसरे काय. आईचा आशीर्वाद डोक्यावर असून असे व्हावे.

२३ जून

ताई आली. आत पाऊल टाकल्यावर तिने काळा चष्मा काढला आणि आधी भिंतीकडे पाहिले.

"भिंत एवढी कशी उजळली रे, श्रीधर?"

"तुझं नवं भिंग, ताई."

"भिंगाने तसबीर पुसली जाते होय?"

मग सगळे सांगितले. म्हणजे संग्रहालय, प्रदर्शन, आईचे नाव वगैरे. मॅडमशी काय बोललो ते नाही सांगितले. ताई ऐकत होती.

"डोळा झाला की एकदा नीट बघावी असं मनात होतं," ती म्हणाली. "किती वर्षं नुसता लाल ठिपका दिसायचा. अंदाजाने कुंकू लावत होते."

"रागावलीस का?"

"मला गवार निवडायचीय."

रागावली असती तर बरे झाले असते. पद्मजा म्हणाली, "अण्णा, आत्यांना विचारलं नव्हतंत? मला तर म्हणालात, सगळ्यांचं एकमत आहे." तसे म्हणालो होतो खरा.

२४ जून

सकाळी ताई आंघोळ करून सवयीने कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. भिंतीसमोर थांबली, आणि करंडा घेऊन परत आत गेली. मी पेपर तोंडासमोर धरला होता.

२ जुलै

संग्रहालयात बोलावले होते. काच काढून चित्र साफ केले आहे. मी ओळखलेच नाही. आमच्या तसबिरीत आईच्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू होते. मॅडम म्हणाल्या, ते काचेवरचे थर होते, मास्तरांनी काढलेले एवढेसेच आहे. खरेच, चित्रात बारीक टिकली आहे. गाल गोल. हात तर अगदी कोवळे.

"कसं दिसतंय?" मॅडमनी विचारले.

"तरुण दिसतेय."

"आई तरुणच गेल्या ना तुमच्या."

त्यांनी चहा मागवला आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितले. व्यक्तिचित्र म्हणजे एक माणूस खरोखर कुणापुढे तरी बसला होता याची साक्ष. कोणाचे, कोणी काढले, केव्हा, कशाने, अशा चार ओळी खाली लावायच्या. "पहिली ओळ चुकली ना खळदकर, की पुढच्या तिन्हींना अर्थ नाही." मग त्यांनी पाटीचा कागद दाखवला. आनंदीबाई हरिभाऊ खळदकर. प्रत्यक्ष बैठकीवरून.

आईचे नाव छापलेले मी पहिल्यांदा पाहिले. तेव्हाच सांगायला हवे होते. बाई एवढ्या मायेने बोलत होत्या. मी म्हणालो, "छान आहे," आणि बसने घरी आलो.

९ जुलै

आज घरी शरच्चंद्र सर आले. ते चित्रांचे अभ्यासक आहेत, मास्तरांवर पुस्तक लिहीत आहेत. सुनीती मॅडमनीच पत्ता दिला. उंच, सत्तरीचे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. चपला काढायच्या आधीच बोलू लागले.

"चित्र कोणाचं आहे, यात मला फारसा रस नाही, खळदकर."

मला हायसे वाटले. मी म्हणालो, "मॅडमना तर तेवढंच हवं होतं."

"त्यांना चित्राखाली नाव लागतं. मला चित्रासमोरची माणसं लागतात. चेहरा काय, निमित्त असतो. तसबीर घरात काहीतरी काम करत असते. तुमच्या घरात तिने काय केलं?"

तसबीर काय करणार? भिंतीवर असते. पण विचार करून मी म्हणालो, "तिने मला आई दिली." आणि खरेच आहे ते, आईचा दुसरा चेहरा मला माहीत नाही. सरांना वाक्य आवडले, त्यांनी लगेच टिपून घेतले. मला जरा बरे वाटले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. सरांच्या फोनवर चित्राचा फोटो उघडा होता. त्यांनी फोटो पाहिला, ताईकडे पाहिले, तिच्या कानाकडे पाहिले आणि उठून उभे राहिले.

"आपण बसला होतात."

"बसवलं होतं," ताई म्हणाली. "चहा गार होतोय."

सर आनंदाने लाल झाले. म्हणाले, मग तर हे चित्र दुप्पट मोलाचे! मेलेल्या आईसाठी जिवंत मुलगी! असे सगळीकडे घडायचे, पण अशी बसलेली व्यक्ती समोर सापडत नाही. ताई तोपर्यंत आत गेली होती. जिन्यात मी सरांपुढे हात जोडले, मॅडमना सांगू नका म्हणालो.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा," सर म्हणाले. "आणि मी विचारलेलं तुमच्या भगिनींना विचारून ठेवा. तुमचं उत्तर छान आहे, पण ते तुमचं आहे."

१५ जुलै

विचारले. न विचारता राहिलो असतो तर बरे होते, असे लिहितो आहे आणि तेही लिहायला लाज वाटते.

दुपारी ताई शेंगा सोलत होती. मी समोर बसलो.

"ताई, त्या तसबिरीने आपल्या घरात काय केलं?"

"कोण विचारतंय?"

"सर."

"तू नाही?"

तिने चार शेंगा सोलल्या.

"मला बघायला यायचे ते आठवतं?"

"पोहे आठवतात."

"तुला पोहेच आठवणार." ती हसली. मग मान वर न करता सांगू लागली. मंडळी आधी तिच्याकडे बघायची, मग तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे. खाली जो चेहरा, तोच वर. वरच्याला नथ, कुंकू आणि हार. बायका एकमेकींना कोपर लावायच्या. "सासवडची एक मंडळी होती. सगळं ठरलं होतं, सुपारी फोडायची तेवढी राहिली. मुलाची आई त्या दिवशी पहिल्यांदा घरी आली. उठताना म्हणाली, हार पडलेल्या तोंडाला आम्ही मुंडावळ्या बांधणार नाही."

"मग दादांनी तसबीर काढून का नाही ठेवली?"

"ठेवली होती की. कोठीत, ज्वारीच्या कणगीमागे. तू दार धरून बसलास. आई कुठे गेली, आई कुठे गेली. दोन दिवस अन्नाला शिवला नाहीस. दादांना म्हटलं, राहू दे माझं. मीच परत खिळ्याला लावली."

"मी पोर होतो गं, ताई."

"म्हणून तर. तुला कधी काही बोलले का मी?"

नाही बोलली. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

"शेंगा सोल," ती म्हणाली. "नुसता बसू नकोस."

१६ जुलै

रोज सकाळी ती स्वतःच्याच कपाळाला कुंकू लावत होती, काचेवरून. स्वतःच्याच गळ्यात मेलेल्या माणसाचा हार घालत होती. मी खाली बसून चहाची वाट बघायचो. कधी हार वाकडा झाला तर म्हणायचो, ताई, जरा डावीकडे ओढ.

२० जुलै

सुनीती मॅडमना सांगून आलो. सगळे सांगितले, सालासकट.

"खळदकर, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही सरळ खोटं बोललात."

"हो."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोपे गेले असते. मग त्यांनी सरांना फोन लावला, मला ऐकू येईल असा. सर म्हणाले, दोघींची नावे लावा, त्यातच तर गंमत आहे. मॅडम म्हणाल्या, "सर, गंमत तुमच्या पुस्तकात शंभर पानं लिहा. माझ्याकडे चार ओळी आहेत. समोर एक माणूस बसला होता, त्याचं नाव मी लावणार. जी बसलीच नाही तिचं चित्र मी कसं म्हणू?" सर म्हणाले, "ते घर साठ वर्षं म्हणत आलं की." मला दोघांचेही पटत होते. माझे असे नेहमीच होते.

शेवटी मॅडमनी माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर ताईचे नाव लावून चित्र प्रदर्शनात राहील. नाही तर मी ते परत घरी नेऊ शकतो. कायमचे दिले असले तरी ते खोट्यावर दिलेले, त्या अडवणार नाहीत.

मनात पहिला विचार काय आला, तो लिहितो. घरी न्यावे. खिळा आहेच. उद्यापासून पुन्हा हात जोडायला आई.

मी म्हणालो, "बहिणीला विचारून सांगतो." एवढे एक नीट केले.

पावसाने उघडीप दिली होती, ताई गच्चीवर ओलावलेले सांडगे उन्हाकडे सरकवत होती. तिला दोन्ही वाटा सांगितल्या.

"आण हवी तर," ती म्हणाली. "पण कुंकू कोण लावणार ते बघ. मी आता लावणार नाही. आता मला दिसतं."

"नाही आणत. तिथे तुझं नाव लावू दे का?"

तिने सांडगे एकेक करून उलटले. मला वाटले, नाही म्हणणार.

"वय घालायला सांग," ती म्हणाली. "सोळा. नाही तर लोक म्हणतील, म्हातारीला कशाला नटवलंय."

जिना उतरताना लक्षात आले. तिचे नाव लागले की आईचे गेले. आज मी एका बाईला जिवंत केले आणि दुसरीला मारून आलो. आणि त्यातही मला स्वतःचाच कळवळा येत होता, ताईचा नाही.

१७ ऑगस्ट

प्रदर्शन उघडले. ताई निळी नऊवारी नेसली. पद्मजेने रिक्षा आणली. ताई दालनात कोणाचा हात न धरता चालत गेली.

पाटीवर लिहिले होते, शकुंतला हरिभाऊ खळदकर, वय सोळा, आईच्या लुगड्यात. ताईने ओठ हलवत ते वाचले. मग वर पाहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, माझे लक्ष माझ्या हातांकडे होते. ते छातीशी जोडले गेले होते. मी ते खिशात घातले.

"किती लहान होते रे मी," ताई म्हणाली.

मग तिने आपला उजवा हात चित्रातल्या हाताजवळ नेला. पहारेकरी धावत आला. "आजी, चित्राला हात लावायचा नाही."

"लावत नाही हो. माझाच हात आहे तो. जुळतोय का बघत होते."

तो गोंधळला. त्याने एकदा पाटीकडे पाहिले, एकदा ताईकडे, आणि मागे सरला. "बघा, आजी, बघा," म्हणाला.

सुनीती मॅडम आणि शरच्चंद्र सर तिथेच पाटीवरून वाद घालू लागले. सरांचे म्हणणे, पाटीत आईचे नाव नाही म्हणजे अर्धे चित्र पुसले. मॅडम म्हणाल्या, यांचा चेहरा साठ वर्षे पुसला होता त्याचे काय. ताईने दोघांना ऐकून घेतले. "चालू द्या तुमचं," म्हणाली, "मी जरा बसते."

समोर बाक होता. त्यावर ती बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, चित्रात आहेत तसेच. "मास्तर हलू द्यायचे नाहीत," मला म्हणाली. "पायाला मुंग्या यायच्या. आतून तुझं रडणं ऐकू यायचं, आणि उठायचं नाही."

तिच्या शेजारी जागा होती. मी उभाच राहिलो.

२३ सप्टेंबर

अविधवा नवमी. सवयीने सकाळी मंडईतून शेवंतीचा मोठा हार आणला. जिना चढून आल्यावर लक्षात आले, तो घालायचा कशाला?

ताईने पाट मांडला होता. त्यावर मूठभर तांदूळ आणि तांदळावर एक सुपारी.

"ही आई," ती म्हणाली.

मी सुपारीकडे पाहत बसलो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा विचारले, "ताई, आई दिसायची कशी?"

"काळीसावळी. तोंडावर देवीचे वण होते. दात पुढे. हसू आलं की पदर धरायची तोंडावर. आणि तिला हसू फार यायचं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तुला भिंतीवर दिसत होती की."

"म्हणजे तू तिच्यासारखी नव्हतीस?"

"छे. मी दादांच्या वळणावर."

"मग मास्तरांनी तुला का बसवलं?"

ती सुपारीला हळद वाहत होती. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी अजून तीन वर्षांचाच आहे.

"घरात दुसरं कोण होतं?"

हार सुपारीला फार मोठा होता. ताईने त्यातले एक फूल तोडून तांदळावर ठेवले. बाकीचा हार माझ्या मांडीवर पडून होता. डोळे मिटून वण असलेला, हसणारा चेहरा आणायचा प्रयत्न केला. येत नाही. दर वेळी ताईच येते, सोळा वर्षांची, न हलता बसलेली.

जेवताना पद्मजा म्हणाली, दसऱ्याआधी बाहेरच्या खोलीला रंग देऊन घेऊ, तो चौकोन वाईट दिसतो. माझ्या तोंडात नको आले होते. ते गिळले आणि ताईला विचारले.

"द्या की," ताई म्हणाली. "आधी तो खिळा काढा."

दुपारी पक्कड शोधून आणली. दादांनी ठोकलेला, साठ-सत्तर वर्षांचा खिळा, भिंतीचा पोपडा येणार म्हणून खाली पेपर अंथरला, स्टुलावर चढलो. पद्मजेने स्टूल धरले.

पक्कड लागलीच नाही. नुसत्या हाताने निघाला.